बिनरंगाची छपाई

टेक्स्टाइलच्या वर्गात पहिल्यांदा शिकवतात ते पिगमेंट. भांड्यात दिसतो तोच रंग स्क्वीजीने मांजरपाटावर उतरतो, बाइंडर त्याला धाग्यावर चिकटवून ठेवतो, आणि छापलेल्या जागेवरून बोट फिरवलं की कापड जरा कडक लागतं. मग येतात रिॲक्टिव्ह रंग. १९५६ साली आयसीआयने प्रोसियन बाजारात आणले; यात रंगाचा रेणू सोड्याच्या मदतीने सुती धाग्याशीच बांधला जातो. घट्टपणासाठी अल्जिनेट वापरायचं. स्टार्चची खळ घातली तर रंग कापड सोडून खळीशीच संसार थाटतो.

दोन्हींत हिशेब एकच: जितके रंग, तितक्या स्क्रीन, तितकी भांडी. प्रोजेक्टसाठी मी वेगळंच ठरवलं. स्क्रीनमधून रंग छापायचाच नाही.

आधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढलं. ते पिवळट झालं. एका भांड्यात तुरटीचं पाणी डिंकाने घट्ट केलं, दुसऱ्यात गंजके खिळे आणि गूळ पाण्यात मुरवून काढलेलं लोहाचं पाणी. वर्गात त्या वासाबद्दल बरंच बोललं गेलं. लोहाची पेस्ट हिरड्याला लागताच काळी पडते. तुरटीची मात्र कापडावर दिसतच नाही. कुठे छापलं ते कळावं म्हणून छपाईवाले तिच्यात धुण्यात निघून जाणारा एखादा रंग मिसळतात. वाळवून, धुऊन ते कापड मंजिष्ठाच्या पाण्यात सोडलं आणि आच हळूहळू वाढवली. घाई केली तर मंजिष्ठातला तपकिरी अंशही भराभर उतरतो आणि लाल मळकट होतो. तुरटीच्या जागी लाल आला, लोहाच्या जागी जांभळट काळा, आणि दोन्ही मिसळून छापलं होतं तिथे चॉकलेटी. पाणी एक, मुळी एक.

ही करामत फार जुनी आहे. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठाच्या जातीच्या मुळीने रंगवलेला होता. म्हणजे रंग धरून ठेवण्याची युक्ती तेव्हाच ठाऊक असणार. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने इजिप्तबद्दल लिहून ठेवलंय की तिथे कापडावर न दिसणारी द्रव्यं लावतात, एकाच कढईत बुडवतात, आणि कापड अनेक रंगांचं होऊन बाहेर येतं. त्याला ते नवल वाटलं. मलाही वाटलं, आणि मला तर कृती आधीच माहीत होती.

युरोपला हे नवल महागात पडलं. याच युक्तीने रंगवलेली कोरोमंडल किनाऱ्याची चीट तिथे इतकी खपू लागली की फ्रान्सने १६८६ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. बंदी कापडावर होती, कृती मिळवण्याची धडपड चालूच होती. १७३४ च्या सुमारास ब्यूल्यू नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पाँडिचेरीत कारागिराशेजारी बसून सगळं टिपून घेतलं, आणि प्रत्येक टप्प्यानंतर कापडाचा एक तुकडा कापून ठेवला. ते तुकडे अजून पॅरिसमध्ये आहेत. आम्हा विद्यार्थ्यांच्या स्वॅच-बुकचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. फक्त हा दुसऱ्याच्या हातच्या कामाचा होता, आणि त्या हाताचं नाव कुठे नाही. पुढे युरोपातल्या कारखान्यांनी कृतीबरोबर शेणही उचललं: छापलेलं कापड शेणाच्या कोमट पाण्यातून काढलं की न चिकटलेली तुरटी निघून जाते, आणि ती रंगाच्या कढईत पसरून डाग पाडत नाही.

१८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान यांनी डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून मंजिष्ठाचा लाल, म्हणजे अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला. मुळ्यांची शेती काही वर्षांत बसली. तुरटी मात्र सुटली नाही, कारण प्रयोगशाळेतल्या लालालाही तिचा आधार हवाच होता. १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग सुरू झाली ती हाताने सूत बुडवून, मोजक्या रंगांत. त्यातला एक टर्की रेड, तेल आणि तुरटीवर उभा असलेला लाल.

जुन्या चिटेतले लाल, गुलाबी, जांभळे, तपकिरी एकमेकांना कधी बोचत नाहीत, त्याचं श्रेय आपण कारागिराच्या नजरेला देतो. मला वाटतं, निम्मं श्रेय कढईचं आहे. एकाच मुळीतून निघालेले रंग भांडणार कसे? रिॲक्टिव्हच्या चाळीस बाटल्यांपुढे उभं राहून असा मेळ जमवायचा म्हणजे डोळ्याचं काम फार वाढतं.

निळा या घरात येत नाही. निळीला तुरटी लागत नाही, त्यामुळे पांढरं राखायचं तिथे रंग अडवणारा लेप द्यावा लागतो. जपानी कारागीर त्यासाठी पर्सिमनच्या रसाने पक्क्या केलेल्या कागदाचे छाप कापत आणि त्यांतून तांदळाची खळ पसरत. नक्षीचे सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून रेशमाचे धागे ताणत. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने रेशमी जाळीतून छपाईचं पेटंट घेतलं. त्या जाळीचे पूर्वज म्हणून हेच कागद सांगतात. स्क्रीनच्या घराण्यातच बिनरंगाची पेस्ट आहे म्हणायची. सध्या मी चुना आणि डिंकाचा लेप स्क्रीनमधून काढायच्या मागे आहे. बारीक जाळी तुंबते, जाड जाळीतून रेघ फुटते. चुना दोनदा वस्त्रगाळ केला की बरा उतरतो.