ब्रेथवेट यांचे हार्वर्ड येथील व्याख्यान : ध्वनीच्या समतेचा प्रश्न

१९७९ च्या ऑगस्टमध्ये बार्बाडोसचे कवी व इतिहासकार कमाऊ ब्रेथवेट (१९३०–२०२०) यांनी हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यान दिले. ध्वनिमुद्रणांच्या साहाय्याने दिलेले हे व्याख्यान १९८४ साली ‘हिस्टरी ऑफ द व्हॉइस’ या नावाने ग्रंथरूप झाले. कलेतील वांशिक समतेचा प्रश्न सामान्यतः कलाकृतीच्या आशयात शोधला जातो. ब्रेथवेट यांनी तो तिच्या ध्वनीत शोधला. यातच या व्याख्यानाचे महत्त्व आहे.

गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणलेल्या आफ्रिकनांच्या भाषा मळेवाल्यांच्या सत्तेखाली दडपल्या गेल्या. तथापि त्यांचा लय, स्वराघात व वाक्यरचना इंग्रजीच्या पोटात टिकून राहिली. या भाषेस ‘डायलेक्ट’ म्हणण्यात उपहासाची छटा असल्यामुळे ब्रेथवेट यांनी ‘नेशन लँग्वेज’ ही संज्ञा योजिली. तिचे ‘राष्ट्रभाषा’ असे भाषांतर केल्यास आपल्याकडे अर्थाचा विपर्यास होईल. कारण येथे राज्यकारभाराची नव्हे, तर गुलाम व मजूर म्हणून आणलेल्या लोकांची भाषा अभिप्रेत आहे.

शाळेतील इंग्रजी पुस्तकांमुळे तेथील मुलांना कधी न पाहिलेल्या हिमवर्षावाचे वर्णन साधे. प्रत्यक्ष अनुभवलेल्या चक्रीवादळास मात्र शब्द सापडत नसत. ब्रेथवेट यांच्या मते हा दोष केवळ शब्दसंग्रहाचा नव्हता. आयॅम्बिक पेंटॅमीटर या प्रतिष्ठित इंग्रजी वृत्तातच तो अनुभव मावत नव्हता. त्यास अनुरूप लय त्यांना कॅलिप्सो गीतांत आढळली.

हे मत जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. जमैकाचे कवी क्लॉड मॅके यांनी १९१२ मध्ये जमैकन बोलीत दोन संग्रह प्रसिद्ध केले व पुढे ते सुनीताकडे वळले. ब्रेथवेट यांस हे वळण स्वत्वापासून दूर नेणारे वाटले. परंतु १९१९ च्या अमेरिकेतील वांशिक हिंसाचारात मॅके यांचे सुनीतच प्रतिकाराचे साधन ठरले. अर्थात कोणतेही वृत्त स्वभावतःच दास्याचे नसते. मात्र मॅके यांस प्रतिष्ठा मिळाली ती सुनीतकार म्हणून. त्यांच्या बोलीतील रचना दीर्घकाळ गौण मानल्या गेल्या. ही विषमता छंदाची नसून श्रवणाची होती, आणि तिच्यापुरता ब्रेथवेट यांचा आक्षेप आजही अबाधित राहतो. भाषाभ्यासकाने एखाद्या भाषेस ‘बोली’ म्हणताना आपण तिचे वर्णन करीत आहोत की तिची पायरी ठरवीत आहोत, हे स्वतःस विचारले पाहिजे.