पूर्णा शेडातला एकच इंजेक्टर

1976. माघ वद्य, पहाटेचे चार. तुम्ही पूर्णा जंक्शनच्या लोको शेडात, भांडाराच्या खिडकीशी उभे आहात. नाकात कोळशाचा धूर, पायाखाली राख नि तेलाचा चिखल. मागे दोन मीटरगेज इंजिनं थंड पडलीत. एक वायपी, पॅसेंजर ओढणारं. दुसरं वायजी, मालगाडीचं.

चाकं बघा. वायपीची मोठी चाकं सहा, 1372 मिलिमीटर व्यासाची. वायजीची आठ, 1219 ची. एकाला पळायचंय, दुसऱ्याला ओझं ओढायचंय. बाकी कितीतरी भाग मात्र दोन्हीला चालतात. आखणीच तशी केलेली. दोघांचा एकच भाग एकाच दिवशी सहसा जात नाही, म्हणून सामाईक साठा थोडा असला तरी भागतं.

आज नेमका गेलाय. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर दोघांनाही हवाय आणि फळीवर एकच आहे. महाशिवरात्र तोंडावर, परळीच्या यात्रेला गाड्या भरून जाणार. इकडे सरकारच्या एकाधिकार खरेदीतल्या कापसाच्या गाठी जायच्या खोळंबल्यात.

"साहेब, माझा इंडेंट कालचा हाय," वायजीचा फिटर म्हणतो.

ज्याची मागणीचिठ्ठी आधी आली त्याला आधी, हे तुम्हालाही पटतं. पण कामावर देखरेख करणारा चार्जमन विचारतो, "तुमच्या ॲक्सलबॉक्सचे ब्रास आले का?"

"न्हाई अजून."

"मग इंजेक्टर लावून करता काय?"

सगळी मेख इथंच आहे. शेवटचा भाग बसेपर्यंत आधी बसवलेले सगळे नुसते अडकून राहतात. इंजेक्टर वायजीला दिला तर सकाळी दोन्ही इंजिनं शेडातच. वायपीचं एवढंच अडलंय; त्याला दिला तर एक तरी निघेल. त्याच त्या सुट्या भागांतून दहा तऱ्हेच्या मोटारी जोडणारे आजचे कारखाने संगणकावर हेच तपासतात, की सामाईक भाग द्यायचा त्या मागणीचं बाकीचं सामान हाताशी आहे का. रांगेपेक्षा मला हा नियम रास्त वाटतो, पण एका अटीवर. ज्याला थांबवलं त्याचा हक्क लिहून ठेवला पाहिजे. नाहीतर यात्रेनंतर लग्नसराई येते, मग आणखी काही, आणि मालगाडी दर वेळी मागेच.

चार्जमन इंजेक्टर वायपीच्या फिटरकडे देतो आणि वहीत लिहितो: येणारा पहिला नग वायजीसाठी राखीव. वायजीवाला वाकून ओळ वाचतो.

"तारीख टाका साहेब, आन् सही करा."