मांडीवर लेकरू, समोर नाटक

आज बचतीचं, हप्त्याचं काही सांगणार नाही. नाटकाला लहान लेकरं न्यावी की नाही, एवढ्यावरच बोलायचं आहे. पण त्यासाठी मला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागेल, तेवढं ऐकून घ्या.

माझं माहेर सिंदेवाही तालुक्यातलं, म्हणजे झाडीपट्टीतलं. आपल्याकडं मारेगावात कापूस वेचायची घाई असते, तेव्हा तिकडं धान निघालेलं असतं आणि गावोगाव नाटकं सुरू होतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचं मोठं ठाणं. कंपन्यांची ऑफिसं तिथं, गावकरी तिथं जाऊन नाटक ठरवून येतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, असं जुनं गणित. मधे २०१४ साली न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्या २०२१ च्या डिसेंबरात परत सुरू झाल्या. पट बंद होता तेव्हाही नाटक बंद पडलं नाही. नाटकाच्या दिवशी घराघरात पाहुणे असतात. लेकी माहेरी येतात, त्यांची लेकरं येतात, आणि रात्री सगळं घर कुलूप लावून मंडपात. सासुरवाशिणीला एक रात्र कोणी काम न सांगता बसता येण्याची ही जागा होती, हे मला लग्न झाल्यावर समजलं.

गेल्या हिवाळ्यात गटातल्या दोघी आणि आमची मिळून सहा लेकरं, असे आम्ही गाडी करून वणी, चंद्रपूर, मूल असं करत माझ्या माहेरी नाटकाला गेलो. निघताना सासूबाई म्हणाल्या, "लेकराले घेऊन रातभर कुठी जातं वं? समजन का त्याले काही?"

प्रश्न बरोबर होता. तीन वर्षांच्या पोराला नाटक काय समजणार? पण आम्हाला तरी कुठं समजत होतं? आम्ही गोधडीत गुंडाळून आईच्या मांडीवर झोपायचो. विनोदी नट आला की लोक हसायचे, त्या आवाजानं जाग यायची. पाचसहा वर्षं असं अर्धं अर्धं पाहिल्यावर एक दिवस अख्खं नाटक समजलं.

आपल्याकडचं नाटक गाण्याशिवाय कधी नव्हतंच. युरोपात गाऊन केलेल्या हसऱ्या नाटकाला कॉमिक ऑपेरा म्हणतात. आपल्या विदर्भात दंडार होती, खडी गंमत होती. खडी म्हणजे उभी, उभ्यानं केलेली. ढोलकी, तुणतुणं, शाहीर, आणि बाईच्या वेषात नाचणारा पुरुष. झाडीपट्टीचं नाटक याच मुळावर वाढलं, आणि वरून त्यात पुण्यामुंबईकडच्या संगीत नाटकाची पद्धत आली. ते संगीत नाटक उभं केलं अण्णासाहेब किर्लोस्करांनी. १८८० साली 'शाकुंतल', १८८२ साली 'सौभद्र'. 'सौभद्र' तर सगळा गमतीचाच मामला आहे. बहीण सुभद्रेचं लग्न बलरामानं दुर्योधनाशी ठरवलेलं, तिचं मन अर्जुनावर, आणि अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन तिच्याच घरी पाहुणा. लहान मुलाला एवढं सांगितलं की "हा खोटा संन्यासी आहे, कोणाला सांगू नको", की ते डोळे मोठे करून बसतं. रागदारी समजो न समजो.

पण बायांचं काय? तेव्हा स्टेजवर बाई नव्हती. शकुंतला, सुभद्रा सगळ्या पुरुषच. बालगंधर्वांची लुगडी नेसायची तऱ्हा बाया उचलत होत्या, आणि बायांना मात्र स्टेजवर उभं राहायची सोय नव्हती. पाहायला जायचं तरी बसायची जागा वेगळी. माझी आजी सांगायची, गावात मधे दोरी बांधलेली असायची, इकडं बाया, तिकडं पुरुष, आणि लेकरं सगळी इकडं.

याच आजीनं गावातल्या हौशी मंडळींचं 'शारदा' पाहिलं होतं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ साली किर्लोस्कर मंडळीनं पहिल्यांदा केलं. देवलांच्या आधीची बरीच नाटकं देवादिकांची नाहीतर राजाराण्यांची, हे मात्र आपल्या घरातलं. कांचनभट नावाचा बाप पैशाच्या लोभानं आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याशी ठरवतो. नवरदेवाचं वय पंचाहत्तर. शारदेच्या मैत्रिणी त्यावरून जी थट्टा करतात, ती ऐकून मंडप हसून लोळायचा. शेवटी कोदंड नावाचा तरुण ऐन मांडवात दाखवून देतो की दोघं एकाच गोत्राचे आहेत, आणि लग्न मोडतं. मोडलेल्या लग्नाची मुलगी कुठं जाणार? शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, आणि पुढं त्यांचं लग्न होतं.

आजी स्वतः बाराव्या वर्षी बिजवराला दिलेली. ती म्हणायची, "सगळे हासत होते, मी पन हासलो, मंग पदर तोंडात धरून बसलो." एवढंच सांगायची. आणि पुढं तिनं माझ्या आत्याला चौदाव्या वर्षी उजवलं. म्हणजे नाटक पाहिलं आणि माणूस बदललं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. बालविवाहाला रोखणारा कायदा १९२९ साली आला. हरबिलास सारडा यांच्या नावावरून त्याला शारदा कायदा म्हणतात, नाटकाशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं जुळलं. त्यात मुलीचं वय चौदा धरलं होतं. अठरा व्हायला १९७८ उजाडलं.

परत आमच्या रात्रीकडं येते. नाटक घरगुती विनोदी होतं, खोटं बोलणाऱ्या जावयाचं. स्टेजखाली ऑर्गन आणि तबला, नट स्वतः गाणारे, पडद्याआड प्रॉम्प्टर. झाडीपट्टीच्या विनोदी नटांची ताकद काय असते ते तुम्हाला माहीत असेल. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामाला. आमची लेकरं? दोन पहिल्याच अंकात झोपली. एक खलनायकाला पाहून इतकं रडलं की मी त्याला मागं नेलं, तिथं तोच माणूस मिशी काढून चहा पीत बसला होता. त्यानं लेकराला बिस्किट दिलं. मग ते पठ्ठ्या पहाटे चारपर्यंत जागं, आणि खलनायक आला की टाळ्या वाजवायचं!

तोटेही सांगते. काही नाटकांत मधेच असे नाच घालतात की बाजूला बसलेल्या सासऱ्यासमोर मान वर करवत नाही. म्हणून नाटक कोणतं, ते आधी विचारावं. स्पीकरजवळ बसू नये. दुपारी लेकरांना झोपवावं, टोपी, गोधडी, फुटाणे आणि पाणी सोबत ठेवावं, कथा रस्त्यातच थोडी सांगून टाकावी. झोपलं तर झोपू द्यावं, हलवून उठवू नये.

परतीच्या गाडीत मी 'शारदा'ची गोष्ट सांगितली. पंचाहत्तर म्हटल्यावर पोट्टे खूप हसले. आमच्या गटातली एक ताई खिडकीशी बसली होती. तिच्या मोठीला सोळावं चालू आहे आणि तेव्हा स्थळ आलेलं होतं. मुलगा काही म्हातारा नव्हता, चांगला पंचविशीचा, घरी पाच एकर. ती म्हणाली, "अन् थे पोरगी जीव द्याले जाते, तवा बी लोक हासतात का?"

मी म्हटलं, नाही, तेव्हा मंडप गप्प होतो.

घुग्गुस येईपर्यंत ती काही बोलली नाही. नंतरच्या मासिक बैठकीत तिनं मुलीच्या अकरावीच्या पुस्तकांसाठी आणि बसच्या पाससाठी दोन हजार रुपये कर्ज मागितलं. स्थळाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. कर्ज मंजूर केलं, हप्ता दोनशेचा ठेवला.

यंदाही दिवाळीनंतर जायचं आहे. ज्यांना यायचं त्यांनी गाडीभाड्याचे पैसे आधी जमा करा. जागा कमी पडली तर लेकरं मांडीवर. पुरुषमंडळी येत असतील तर या म्हणावं, पण परतताना झोपलेली पोरं उचलून गाडीत ठेवायचं काम त्यांचं.