महिला क्लब आणि सार्वजनिक ग्रंथालये (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत शेकडो गावांत सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाला पहिला पैसा आणि पहिली पुस्तके स्थानिक महिला क्लबांनी मिळवून दिली.

हे क्लब मुळात वाचनमंडळे होती. पत्रकार जेन कनिंगहॅम क्रोली यांनी १८६८ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘सोरोसिस’ क्लब काढला. १८९० मध्ये अशा क्लबांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. सभांत निबंध वाचायचे तर पुस्तके हवीत, आणि ती गावात मिळत नसत. या गरजेतून निधी उभारण्याचे काम सुरू झाले. घरी केलेले केक विकणे, जेवणावळी, हौशी नाटके, प्रवेशशुल्क म्हणून एक पुस्तक, असे मार्ग असत. दुकानावरच्या माडीत किंवा नगरभवनातल्या खोलीत कपाटे लागत आणि सभासद स्त्रियाच पाळीपाळीने पुस्तकांची देवघेव पाहत. आयडाहोतील बॉइझी येथील कोलंबियन क्लबाने १८९५ मध्ये वाचनालय उघडले. तेथे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून इमारत झाली ती १९०५ मध्ये.

टेक्ससमधील फोर्ट वर्थचे उदाहरण विशेष गाजले. तेथील स्त्रियांनी १८९२ मध्ये ग्रंथालय संघ स्थापला आणि वर्गणी मागताना पुरुषांना ‘एका चांगल्या सिगारची किंमत’ द्यायला सांगितले. हेच मागणे अँड्र्यू कार्नेगींकडे गेले आणि त्यांनी ५०,००० डॉलर देऊ केले. ग्रंथालय १९०१ मध्ये उघडले.

कार्नेगींच्या देणगीतून अमेरिकेत सुमारे १,६८० ग्रंथालय-इमारती झाल्या. इमारतीवर नाव बहुधा त्यांचेच राहिले. मात्र देणगीला अट असे: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून खर्च करायची. ही अट नगरपालिकेच्या गळी उतरवण्याचे चिकाटीचे काम अनेक ठिकाणी क्लबांतल्या स्त्रियांनी केले, तेही बहुतेक राज्यांत त्यांना पूर्ण मताधिकार नसताना. ग्रंथालयांच्या इतिहासात या कामाला देणगीइतकेच स्थान मिळायला हवे.

दूरच्या वस्त्यांसाठी क्लबांनी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. एका गावात वाचून झालेली पेटी पुढच्या गावाला जाई. पुढे अनेक राज्यांनी हे काम आपल्याकडे घेतले, आणि राज्य ग्रंथालय आयोग नेमले जावेत यासाठीही क्लबांनी विधिमंडळांकडे पाठपुरावा केला. देशातील तीन-चतुर्थांश सार्वजनिक ग्रंथालयांचे मूळ महिला क्लबांत आहे, असा अंदाज नेहमी दिला जातो.

दक्षिणेतील राज्यांत मात्र या ग्रंथालयांची दारे कृष्णवर्णीयांना बहुतेक ठिकाणी बंद होती. राष्ट्रीय महासंघाचे धोरणही वेगळे नव्हते: १९०० च्या मिलवॉकी अधिवेशनात जोसेफिन सेंट पिएर रफिन यांना त्यांच्या कृष्णवर्णीय क्लबाच्या प्रतिनिधी म्हणून प्रवेश नाकारला गेला. कृष्णवर्णीय स्त्रियांनी १८९६ मध्येच आपली वेगळी राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती.