तयारी करता येत नाही म्हणणारी परीक्षा

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या कानावर अकरावीच्या सुमाराला दोन वाक्यं हमखास पडतात. घरी कुणीतरी विचारतं, ‘एसएटीचा क्लास लावायचा का?’ आणि शाळेत कुणीतरी सांगतं, ‘मी तर काहीच अभ्यास केला नाही.’ घरच्या वाक्यात परीक्षा म्हटलं की अभ्यास आलाच, हे गृहीत धरलेलं असतं. शाळेतल्या वाक्यात हुशारी ही उपजत असते, तिला अभ्यास लागत नाही, असा एक सूर असतो. हा सूर आजच्या मुलांनी शोधलेला नाही. तो परीक्षेच्या जन्मापासूनचा आहे, आणि तो किती पोकळ आहे हे तिच्या गणिताच्या भागात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पहिली एसएटी २३ जून १९२६ रोजी झाली. परीक्षेला बसले ८,०४० विद्यार्थी. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदसुद्धा नाहीत. त्यात शब्दांचे खेळ होते, अंकगणिताची उदाहरणं होती, संख्यांच्या मालिका होत्या. नावातच ‘ॲप्टिट्यूड’ होतं, म्हणजे उपजत कल. शाळेत काय शिकलात ते मोजायचं नाही, मुळात डोकं किती आहे ते मोजायचं, असा दावा होता. आता डोकंच मोजायचं असेल, तर त्याची तयारी कशी करणार?

ही परीक्षा बनवणाऱ्या समितीचा प्रमुख होता प्रिन्स्टनचा मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम. त्याने १९२३ साली एक पुस्तक लिहिलं होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने घेतलेल्या बुद्धिचाचण्यांच्या आधारे त्यात असं मांडलं होतं, की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांची बुद्धी कमी प्रतीची आहे. त्याच काळात स्थलांतरावर कडक बंधनं आली. १९२४ च्या कायद्याने त्या भागांतून येणाऱ्यांची संख्या खूप घटवली आणि आशियातल्या लोकांना तर दार जवळजवळ बंदच केलं. आपण ‘जन्मजात हुशार’ असा शब्द सहज वापरतो, तेव्हा हा इतिहास आठवलेला बरा. १९३० साली ब्रिगमने स्वतःच जाहीरपणे कबूल केलं, की आपल्या त्या निष्कर्षांना आधार नव्हता. पण परीक्षा चालूच राहिली.

गणिताचं काय करायचं, हे मात्र या लोकांना बराच काळ ठरवता येत नव्हतं. १९२८ आणि १९२९ च्या परीक्षेत गणित नव्हतं. १९३० मध्ये ते स्वतंत्र विभाग होऊन परत आलं, १९३६ मध्ये पुन्हा गेलं आणि १९४२ पासून कायमचं मुक्कामाला आलं. यामागची अडचण समजण्यासारखी आहे. समीकरण सोडवता येतं की नाही, हे आधी कुणी ते शिकवलंय का यावरच ठरतं. बीजगणित कुणी पोटातून शिकून येत नाही.

ही साधी गोष्ट व्यवहारात ओळखली ती ब्रुकलिनमधल्या एका शिकवणीवाल्याने. स्टॅन्ली कॅप्लान हा ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. १९३८ साली त्याने आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या आणि १९४६ पासून एसएटीची तयारी करून घ्यायला लागला. प्रश्नपत्रिका गुप्त असायच्या. मग कॅप्लान परीक्षेनंतर मुलांना पार्टी द्यायचा. प्रवेशाची फी काय, तर आठवेल तो एक प्रश्न सांगायचा! परीक्षा घेणारे म्हणत, क्लासने फारसा फरक पडत नाही. मुलं मात्र येतच राहिली, आणि त्यांतली कितीतरी, ज्यांना ब्रिगमने कमी लेखलं होतं, त्याच घरांतली होती. १९७९ साली संघीय व्यापार आयोगाच्या अहवालात आलं, की काही क्लासेसमुळे गुण वाढतात. वाढ थोडी होती, पण होती.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरं विद्यार्थ्यांना बघायला मिळाली पाहिजेत. इतके दिवस फक्त मुलं तपासली जात होती. आता पेपरही तपासला जाऊ लागला.

१९८० च्या पीएसएटीत एक प्रश्न होता. एका पिरॅमिडला चार त्रिकोणी बाजू आहेत. दुसऱ्याचा तळ चौरस आहे आणि बाकीचे चार त्रिकोण पहिल्यासारखेच, समभुज. दोन्ही एकेका त्रिकोणी बाजूने तंतोतंत चिकटवले, तर बाहेर किती पृष्ठं दिसतील? चार अधिक पाच वजा दोन, म्हणून अपेक्षित उत्तर सात. फ्लोरिडातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने पाच लिहिलं होतं. निकालात ते चूक ठरलेलं पाहून त्याने कागदाचे पिरॅमिड करून बघितले. चिकटवल्यावर दोन ठिकाणी शेजारशेजारचे त्रिकोण एकाच सपाटीत येतात आणि मिळून एकच पृष्ठ होतं. पाच बरोबर होतं. गुण पुन्हा मोजावे लागले.

मे १९८२ चा प्रश्न तर आणखी मजेशीर. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एकतृतीयांश आहे. ते मोठ्या वर्तुळाच्या कडेने बाहेरून घरंगळत एक पूर्ण फेरी मारतं. तेवढ्यात ते स्वतःभोवती किती वेळा फिरतं? परिघ तिप्पट, म्हणून सगळे तीन म्हणाले. परीक्षकही तीनच म्हणाले. खरं उत्तर चार, आणि ते पर्यायांत नव्हतंच! लहान वर्तुळाचा मध्य ज्या वाटेने जातो तिची त्रिज्या लहान वर्तुळाच्या चौपट असते, म्हणून चार फेरे. विश्वास बसत नसेल तर दोन क्वार्टर घ्या आणि एकाभोवती दुसरं फिरवा. कडा सारख्याच, तरी नाणं दोनदा फिरतं. सुमारे तीन लाख परीक्षार्थींपैकी तिघांनी पत्र पाठवून ही चूक दाखवली, आणि तो प्रश्न रद्द झाला.

पुढे परीक्षा हळूहळू आपला मूळ दावा सोडत गेली. १९९० च्या दशकात नावातून ‘ॲप्टिट्यूड’ गेलं, आज तर एसएटी ही नुसती तीन अक्षरं आहेत. १९९४ मध्ये कॅल्क्युलेटर आला. २०१५ मध्ये परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानेच खान अकॅडमीबरोबर फुकट तयारीची सोय केली. ज्यांनी एकेकाळी तयारीचा उपयोग नाही म्हटलं होतं, त्यांनीच! आताच्या डिजिटल परीक्षेत गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यातला जवळपास सत्तर टक्के भाग बीजगणित आणि त्यापुढचं गणित. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. २०२२ साली एमआयटीने ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हाचा युक्तिवादही लक्षात घेण्यासारखा होता: आमच्याकडे सगळ्यांना कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र घ्यावंच लागतं, त्यासाठी कुणाची किती तयारी आहे हे गणिताच्या गुणांवरून कळतं. शब्द नीट बघा. तयारी.

म्हणजे आपल्या घरातला ‘क्लास लावायचा का’ हा प्रश्न या परीक्षेच्या खऱ्या स्वरूपाच्या जास्त जवळ आहे. फक्त पैसे भरून क्लास लावला की तयारी झाली, असं नव्हे. कागदाचे पिरॅमिड करून बघणं, आपलं उत्तर का चुकलं हे शोधणं, आणि ते खरंच चुकलं का हेही विचारणं, ही तयारी. गुण कमी आले तर अजून काय शिकायचं राहिलंय एवढंच त्यातून कळतं. त्यापलीकडे तुमच्याबद्दल, तुमच्या घराण्याबद्दल किंवा आपण कुठून आलो याबद्दल ही परीक्षा काही सांगू शकत नाही. तसं सांगता येतं असं म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणणं सात वर्षांतच मागे घ्यावं लागलं होतं, हे मात्र लक्षात असू द्या.