रेशनकार्ड महाराष्ट्राचे, काम कर्नाटकात. मग धान्य कुठे मिळणार?

चंदगडचे कुटुंब कामासाठी बेळगावात, बेळगावचे गवंडी गोव्यात, बीडचे ऊसतोड मजूर कर्नाटकातल्या कारखान्यावर. काम थांबले की पहिली चिंता धान्याची. त्यात दुकानदार म्हणतो, "तुमचं कार्ड दुसऱ्या राज्याचं आहे, इथे चालणार नाही." अनेकजण ते खरे मानून परत फिरतात. प्रत्यक्षात हे कार्ड इथेही चालते.

हक्क किती?
२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. 'एक देश एक रेशनकार्ड' योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. त्यामुळे देशातल्या कुठल्याही रेशन दुकानातून हे धान्य घेता येते.

काय न्यायचे?
रेशनकार्ड नंबर किंवा आधार नंबर. कार्डात नाव असलेल्या एकाने मशीनवर अंगठा दिला की पुरे. निम्मे कुटुंब गावी असेल तर थोडे धान्य इकडे, उरलेले तिकडे असेही घेता येते. पत्ता बदलण्याची किंवा नवीन कार्ड काढण्याची गरज नाही.

गफलत कुठे होते?
- महाराष्ट्रातले प्रत्येक केशरी कार्ड या योजनेत बसत नाही. कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे का, ते पाहावे. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार रुपये आहे.
- राज्य सरकार स्वतःच्या खर्चाने जे जादा देते, ते परराज्यात मिळत नाही. बेळगावच्या कार्डधारकाला गोव्यात केंद्राचा वाटाच मिळेल.
- ई-केवायसी राहिली तर नाव अडकते. ती राहत्या ठिकाणच्या रेशन दुकानातही होते.

दुकानदाराने नकार दिला तर?
१४४४५ किंवा १९६७ या हेल्पलाइनवर फोन करावा. दुकानाचा नंबर, तारीख आणि नकाराचे कारण लिहून ठेवावे. पुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यानंतर राज्य अन्न आयोग. हक्काचे धान्य दिले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. म्हणून महिना संपण्याआधी दुकानात जाऊन मागणी करणे महत्त्वाचे.

कार्डच नसेल तर?
गरोदर व स्तनदा माता आणि सहा वर्षांखालील मुलांना जवळच्या अंगणवाडीत आहार मिळतो, तिथे रेशनकार्ड लागत नाही. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण आहे. बेळगावात इंदिरा कॅन्टीन, महाराष्ट्रात शिवभोजन केंद्रावर १० रुपयांत जेवण मिळते. तेवढ्या आधारावर दिवस निघतील, पण कार्डासाठीचा अर्ज लगेच करावा.