हळदीचा खटला

आज हळदीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, हळदीचं आम्हाला नवीन काय सांगते ही बाई! विळा लागला, खुरपं लागलं, की हात आपोआप डब्याकडे जातो. हे आपल्याला कोणी शिकवलं ते आठवतही नाही. पण याच गोष्टीवर एकदा थेट अमेरिकेत वाद झाला, आणि तो वाद आपल्या बाजूनं सुटला तो पुस्तकांमुळे. म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

28 मार्च 1995 ला अमेरिकेच्या पेटंट कचेरीनं एक पेटंट दिलं. त्याचा नंबर 5401504. मिळालं ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, आणि शोध लावणारे म्हणून ज्या दोघांची नावं होती ते मूळचे भारतीयच होते. शोध कोणता? तर जखम भरून येण्यासाठी हळद वापरणं. पेटंट म्हणजे काय, तर सरकारनं दिलेला मक्ता. ठरावीक वर्षं ती गोष्ट दुसऱ्या कोणी त्या देशात विनापरवानगी करायची नाही, विकायची नाही. शोध नवा असेल तरच तो मक्ता मिळतो, ही त्यातली मुख्य अट.

मग हळदीला नवं कसं म्हटलं? इथं कायद्याची एक गंमत आहे, आणि ती नीट ऐका. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात असं होतं की एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा तिथं वापरात असेल, तर ती नवी नाही. पण परदेशात नुसती वापरात असेल, तर ते मोजायचं नाही. परदेशातलं मोजायचं ते फक्त छापलेलं किंवा तिथं पेटंट घेतलेलं. म्हणजे नेर-दारव्ह्यातल्या हजार आज्यांनी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही लहानपणापासून हळद लावतो, तरी त्या कचेरीत त्याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. एक जुनं छापील पान मात्र चाललं असतं. हा कायदा पुढं बदलला, पण 2013 साली.

त्या वेळी आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले. वडील लवकर गेले, आईनं कष्ट करून शिकवलं. हळदीचं पेटंट झालं हे कळल्यावर त्यांनी लढायचं ठरवलं. हळदीच्या या लढाईला नाव मिळालं ‘हळदीघाट’. विनोद चांगला आहे, पण काम विनोदाचं नव्हतं. छापील पानं शोधायची होती, आणि तीही परक्या देशाच्या कचेरीला पटतील अशी.

शोधता शोधता 32 संदर्भ हाती लागले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले, काही शंभर वर्षांहून जुने. त्यांत 1953 साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मासिकात छापलेला एक लेखही होता. ऑक्टोबर 1996 मध्ये सीएसआयआरनं फेरतपासणीचा अर्ज केला. समोरच्यांनी म्हटलं की हळदीची पूड वेगळी आणि हळदीचा लेप वेगळा, दोघांचे गुण वेगळे. आपल्यापैकी कोणाला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की पुडीतच दोन थेंब टाकले की लेप होतो. कचेरीलाही ते पटलं नाही. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंटमधले सगळे दावे फेटाळले गेले. गरीब देशाच्या परंपरेतल्या ज्ञानावरचं अमेरिकी पेटंट असं रद्द होण्याची ही पहिली वेळ मानतात.

मला मात्र त्या 1953 च्या मासिकाचा विचार येतो. कोणत्या तरी ग्रंथालयानं तो अंक तेव्हा घेतला असणार, बांधून ठेवला असणार, त्याची कार्डावर नोंद केली असणार. चाळीस-बेचाळीस वर्षं त्याला कोणी हातही लावला नसेल. वाळवीपासून, पावसाळी ओलीपासून तो कोणीतरी वाचवला. खटल्यात वकील बोलतो, शास्त्रज्ञ अर्थ समजावून सांगतो, पेपरात त्यांचे फोटो येतात. कागद कोणत्या कपाटात आहे हे ज्याला माहीत असतं, त्या ग्रंथपालाचं नाव मात्र कुठं येत नाही. आपल्याकडे तर वाचनालयातल्या माणसाला लोक पेपर मांडणारा समजतात. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावच्या वाचनालयाला अ, ब, क, ड अशा दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. तरी आपण त्याला किती मान देतो, ते आपणच बघावं.

हळदीच्या खटल्यानंतर सरकारच्या लक्षात आलं की एकेका पेटंटमागे असं धावून भागणार नाही. म्हणून 2001 च्या सुमारास एक मोठं काम हाती घेतलं: पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या जुन्या ग्रंथांतले दोन लाखांहून जास्त औषधी पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत उतरवले. नुसतं उतरवून चालत नव्हतं, शोधलं की सापडायला हवं होतं. जगभरच्या पेटंट कचेऱ्या ज्या पद्धतीनं विषयांची वर्गवारी करतात, तिच्यात औषधी वनस्पतींसाठी त्या वेळी एकच खण होता. मिसळणाच्या डब्यात एकच वाटी असावी आणि हळद, तिखट, जिरं, मोहरी सगळं तिच्यातच, तसं. आपल्या लोकांनी नवी वर्गवारी बसवली. तिचा उपयोग पटून जागतिक पद्धतीतही त्या एका खणाचे सुमारे 200 खण झाले. मला वाटतं, खटला जिंकण्याइतकंच मोठं काम हे होतं, पण त्याची कोणी मिरवणूक काढली नाही.

आता यातली एक अडचण. हे ग्रंथालय सगळ्यांना खुलं नाही. 2009 पासून करार करून परदेशी पेटंट कचेऱ्यांना ते तपासायला दिलं जाऊ लागलं. कारण उघड आहे: सगळं जगापुढं मांडलं तर कोणीही त्यात थोडा फेरफार करून पुन्हा मक्ता मागायला येईल. ग्रंथपालाचा धर्म म्हणजे पुस्तक वाचकाच्या हाती द्यायचं, आणि इथं त्यालाच कुलूप लावावं लागलं. 2022 साली सरकारनं ते आणखी लोकांना वापरायला द्यायचं ठरवलं, तेव्हाही हाच वाद झाला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी स्वतः कुलपाच्या बाजूची आहे, निदान विचारून उघडायच्या कुलपाच्या.

ग्रंथात लिहिलेलं होतं म्हणून हळद वाचली. जे ग्रंथात नाही त्याचं काय? त्यासाठी अमेरिकेला जायला नको, आपल्या विदर्भातच बघू.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन अगदी थोडी. 1983 साली धानाच्या वावरात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. दुसऱ्यानं त्या कापून भाऱ्यात टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्ष निवडत गेले. बारीक, चवीला चांगला, भरपूर पिकणारा तांदूळ तयार झाला. बियाणं या गावचं त्या गावात गेलं. नाव पडलं व्यापाऱ्याकडे. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून तांदूळही एचएमटी. आजही नेरच्या किराणा दुकानात एचएमटी म्हटलं की दुकानदार पोतं दाखवतो. खोब्रागडे म्हटलं तर?

1994 साली कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून पाच किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. 1998 साली विद्यापीठाच्या नावानं पीकेव्ही-एचएमटी हे वाण बाहेर आलं. आम्ही ते शुद्ध केलं, सुधारलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. पण मूळ निवड कोणाची, हे त्यात सांगितलं गेलं नाही. दादाजींना पुढं राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, परदेशी मासिकानं त्यांचं नाव छापलं, पण घरची ओढाताण संपली नाही. 2018 साली ते गेले. त्यांच्या ऐन उमेदीत शेतकऱ्याच्या निवडीला हक्क देणारा कायदाच देशात नव्हता. तो झाला 2001 साली: पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा. आता शेतकऱ्यानं काढलेलं वाण त्याच्या नावे नोंदवता येतं, आणि आपलं बियाणं राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, विकणं हा त्याचा हक्क आहे. फक्त कंपनीच्या छापाच्या पिशवीत भरून विकता येत नाही.

नाव लिहिणाऱ्यांचंही एक उदाहरण आहे. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि कोणत्या गावात कोणत्या बाईनं गायली ते नोंदवलं. आपल्या आज्यांच्या ओव्यांखाली बहुतेक ठिकाणी नुसतं ‘लोकगीत’ असतं. गाणारीचा स्वतःच्या गायनावरचा हक्क 1994 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातही आला आहे. उद्या कोणी मोबाइलवर तुमचं गाणं भरून न्यायला आलं, तर त्याला आधी तुमचं नाव लिहायला लावा.

आता गावाकडे येऊ. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत एक समिती ठेवायला सांगितलं आहे. तिनं लोकांना विचारून नोंदवही करायची: गावात कोणती झाडं, कोणते कंद, कोणती रानभाजी, कोणतं जुनं बियाणं, आणि कोणाला कशाचा गुण माहीत. 2004 च्या नियमांत या समितीवर किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असं होतं. बाहेरच्या कोणाला धंद्यासाठी काही न्यायचं असेल तर समिती शुल्क लावू शकते, आणि वहीतलं ज्ञान बाहेरच्यांना असंच द्यायचं नाही, हेही तिनंच बघायचं.

कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं फार कमी ठिकाणी काही झालं. मग हरित न्यायाधिकरणानं राज्यांना जानेवारी 2020 अखेरची मुदत घातली, नाहीतर दंड. त्यानंतर देशभर वह्या भराभर भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत काय असतं, ते सांगायला नको. आंबा, कडुनिंब, बाभूळ. पातूर, तरोटा, कुंजर कोणत्या दिवसांत खायचं आणि बाळंतिणीला काय द्यायचं, हे विचारायला किती जण घरोघरी बायांकडे गेले असतील?

एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. आपल्या देशाच्या पेटंट कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं असं घातलं आहे की एखादी गोष्ट गावसमाजाला तोंडी माहीत असली, तरी त्या आधारावर पेटंटला हरकत घेता येते. इथं आज्यांची साक्ष चालते. पण आजी गेल्यावर साक्ष कोण देणार, म्हणून वही.

तर ग्रामपंचायतीत जाऊन आधी तोंडीच विचारा. उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना तीही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात एवढंच विचारा: आमच्या गावची जैवविविधता समिती कधी झाली, तिच्यात कोणत्या बाया आहेत, आणि नोंदवही लिहिताना गावातल्या कोणाकोणाला विचारलं.